डिलीट केलेली खाती कुठं जातात?

अध्यक्ष महाराज आणि मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय जुन्या व्यावसायिक सॉफ्टवेअरच्या स्थलांतराचा. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या पतसंस्थांत आणि अडत दुकानांत ज्यांनी खाती सांभाळली, त्यांना फॉक्सप्रो, म्हणजे खात्यांचे प्रोग्रॅम ज्यात लिहिले जायचे ते डेटाबेस सॉफ्टवेअर, काय चीज आहे हे मी सांगायला नको. मायक्रोसॉफ्टनं १९९२ साली ते बनवणारी फॉक्स कंपनी घेतली, नववी आवृत्ती शेवटची ठरली आणि जानेवारी २०१५ मध्ये तिचा आधारही बंद झाला. डॉसवरचे १६-बिटी प्रोग्रॅम ६४-बिटी विंडोजवर उघडतच नाहीत. तेव्हा बदलायला हवं, यात वाद नाही. माझं भांडण आहे ते बदलण्याच्या पद्धतीशी.

आपल्याच भागातली एक पतसंस्था. नाव घेत नाही. नवं सॉफ्टवेअर आलं, पडदे सुरेख, संचालक खूश. पहिल्याच महिन्यात थकबाकीच्या नोटिसा निघाल्या. दोन दिवसांनी एक बाई नोटीस घेऊन काउंटरवर आल्या. मी तिथंच बसलो होतो. म्हणाल्या, "मालक जाऊन तीन वर्सं झाली की हो! कर्ज पोराच्या नावावर केलंय, हप्ते भरतोय त्यो. मग ह्ये कुणाला धाडलंय?" मॅनेजरांना उत्तर देता येईना. बाईंचा हात थरथरत होता, आणि त्या कागदावर नवऱ्याचं नाव ठळक अक्षरात होतं.

झालं होतं असं. फॉक्सप्रोत 'डिलीट' म्हटलं की नोंद पुसली जात नाही. तिच्या पहिल्या बाइटमध्ये फक्त एक फुली, म्हणजे तारांकन, पडतं. 'पॅक', म्हणजे कायमची सफाई, करेपर्यंत नोंद फायलीत तशीच पडून राहते. जुन्या प्रोग्रॅमच्या सुरुवातीला 'सेट डिलीटेड ऑन' अशी एक ओळ होती, तिच्यामुळे त्या नोंदी दिसत नसत. नव्या मंडळींनी डीबीएफ, म्हणजे फॉक्सप्रोच्या नोंदींची फाइल, थेट वाचली आणि तारांकन बघितलंच नाही. बंद झालेलं प्रत्येक खातं बाकीसकट परत उभं राहिलं. जुना प्रोग्रॅम लिहिणारे गृहस्थ याच गावात राहतात, रोज बाजारात दिसतात. त्यांना एक फोन कुणी केला नाही, याचा मला आजही राग येतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दे भराभर सांगतो.

व्याजाचं पूर्णांकन तपासा. फॉक्सप्रो २.५ चे ३ करतो, पायथनचं साधं 'राउंड' २ करतं. हजारो खात्यांवर ताळेबंद जुळायचा नाही. पैशांसाठी फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे अपूर्णांक अंदाजानं साठवणारा प्रकार, वापरूच नका, दशांश अचूक ठेवणारा दशमान प्रकार घ्या. लिनक्सवर जाताय? तिथं फायलींच्या नावातली मोठी-लहान इंग्रजी अक्षरं वेगळी धरतात. मेनफ्रेमवरचं, म्हणजे मोठ्या संगणकांवरचं, कोबोल या जुन्या भाषेतलं काम असेल तर क्रमवारीही उलटते: तिथल्या एब्सिडिक या अक्षर-संकेतात अक्षरं आधी, आकडे नंतर, आपल्या पीसीवरच्या अस्की संकेतात आकडे आधी. मराठी नावं जुन्या फाँटात असतील तर ती युनिकोडमध्ये आणणं हे स्वतंत्र काम आहे, त्याचा खर्च वेगळा धरा.

आणि जुना-नवा, दोन्ही प्रोग्रॅम निदान एक तिमाही व्याज आकारून होईपर्यंत शेजारी चालवा. रोजकीर्द पैशाला पैसा जुळली पाहिजे. फरक आला तर जुना चुकला असं धरून चालू नका, जुन्या प्रोग्रॅममधली ती ओळ कुणी का घातली ते विचारा.

क्लिपरवाल्यांसाठी, म्हणजे फॉक्सप्रोसारख्याच त्या जुन्या भाषेत ज्यांचे प्रोग्रॅम आहेत त्यांच्यासाठी, हार्बर नावाचा मुक्त कंपायलर आहे, तोच कोड विंडोजवर आणि लिनक्सवरही चालवता येतो. ते दाखवायचं राहिलंच. ज्यांच्याकडे प्रोग्रॅमचा मूळ सोर्स कोड शिल्लक आहे त्यांनी चहाच्या वेळी मला गाठा, लॅपटॉप आणलाय.