गोळीतले नॅनोग्रॅम

(दृश्य: खलबत्त्यात फुटणाऱ्या गोळ्या, मग वजनकाट्याचं काचेचं दार)

जळजळ झाली, आंबट ढेकर आले, की रॅनिटिडिन. सुमारे चार दशकं जगभरातल्या घरांमध्ये ही गोळी अशीच घेतली गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, जाहीर केलं, की रॅनिटिडिनच्या काही नमुन्यांत एनडीएमए सापडलंय. हा नायट्रोसमीन गटातला पदार्थ. माणसाला कॅन्सर होण्याची शक्यता ज्यांच्यामुळे बहुधा वाढते, अशा पदार्थांत तो मोडतो.

वर्षभर आधी, जुलै २०१८ मध्ये, रक्तदाबाच्या व्हल्सार्टनमध्ये हेच एनडीएमए निघालं होतं. तिथे ते कारखान्यातल्या रासायनिक प्रक्रियेत तयार झालं होतं. रॅनिटिडिनचं दुखणं आतलं आहे. त्याच्या रेणूतच एका टोकाला डायमिथिलअमीनचा गट आहे आणि दुसरीकडे नायट्रो गट. रेणू मोडायला लागला, की त्याच्याच तुकड्यांतून एनडीएमए जुळून येतं. ऊब मिळाली की आणखी वेगाने.

आणि नेमकं इथेच मोजणारे अडखळले. एनडीएमए शोधायची रुळलेली रीत गॅस क्रोमॅटोग्राफीची, म्हणजे नमुन्याची वाफ करून त्यातले घटक वेगळे करायची. तिच्यात नमुन्याची व्हायल, म्हणजे छोटी काचेची कुपी, ओव्हनमध्ये १३० अंशांपर्यंत तापवतात. अमेरिकेतल्या एका खासगी प्रयोगशाळेला या रीतीने एकेका गोळीत २० लाख नॅनोग्रॅमहून जास्त एनडीएमए मिळालं. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. दिवसाची मान्य मर्यादा आहे ९६ नॅनोग्रॅम. पुढे उलगडा झाला: गोळीत एनडीएमए होतंच, पण त्या अवाढव्य आकड्यातलं बहुतेक तपासणीच्या ओव्हनमध्येच जन्माला आलं होतं.

म्हणून आता तुम्ही बघताय ती पद्धत. लिक्विड क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे एलसी-एमएस. आधी द्रवातच घटक वेगळे करायचे, मग त्यांच्या रेणूंचं वस्तुमान मोजून ओळख पटवायची.

(दृश्य: शेकरवर हलणाऱ्या नळ्या, सिरिंज फिल्टरमधून पडणारे थेंब)

गोळ्यांची भुकटी नळीत जाते, वर पाणी. ओव्हन नाही, बर्नर नाही. शेकर नळ्या हलवत राहतो, मग सेंट्रिफ्यूज गाळ तळाशी बसवतं. वरचं नितळ पाणी विश्लेषक सिरिंजमध्ये ओढून घेते आणि ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळते. नीट बघा, पहिला मिलिलिटर ती टाकून देते. नव्या फिल्टरमधून काही सुटून येत असेल, किंवा फिल्टरच काही धरून ठेवत असेल, तर त्याचा दोष नमुन्याच्या माथी येऊ नये म्हणून. सगळ्या कामाचा कस अशा बारक्या सवयींवर लागतो. यंत्र कितीही कोटींचं असो, या हातांची शिस्त त्याला विकत आणता येत नाही.

(दृश्य: ऑटोसॅम्पलरची सुई, पंपाच्या पडद्यावर चढणारा दाब)

सुई व्हायलमध्ये उतरते, काही मायक्रोलिटर उचलते. पुढे पोलादी कॉलम, बोटभर जाडीचाही नाही. आत जेमतेम काही मायक्रॉनचे सिलिकाचे कण ठासून भरलेले आणि प्रत्येक कणावर अठरा कार्बनच्या तेलकट साखळ्या. एवढ्या दाट भरावातून द्रव ढकलायचा, तर पंपाला जोर लावावा लागतो. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, इथे शेकडो बार.

कोण त्या साखळ्यांना किती चिकटतो, त्यावर कोण कधी बाहेर येणार ते ठरतं. एनडीएमए पाण्यात रमणारं, ते लवकर सुटतं. रॅनिटिडिनची वेळ वेगळी. ती वेळ आली की हा छोटा व्हॉल्व्ह फिरतो आणि औषधाचा सगळा लोंढा कचऱ्याच्या बाटलीत जातो. त्याचं प्रमाण एनडीएमएच्या लाखो पट. तो आत शिरला तर एनडीएमएचा पीक, म्हणजे आलेखातला त्याचा उंचवटा, शोधायचीच पंचाईत.

आता द्रवाचा फवारा होतो आणि सुईच्या टोकाशी काही हजार व्होल्ट. इथे उष्णता आहे, लपवायचं कारण नाही. पण इथवर येईतो रॅनिटिडिन बाजूला झालेलं असतं, त्यामुळे त्यातून नवं एनडीएमए बनून आकडा फुगण्याची भीती उरत नाही. रेणूला एक प्रोटॉन चिकटतो, तो भारित होतो आणि निर्वात पोकळीत ओढला जातो.

(दृश्य: संगणकाचा पडदा, सपाट बेसलाइनवर उठणारा पीक)

हा तो पीक. प्रोटॉनसकट वस्तुमान ७५.०५५३. दशांश चिन्हापुढचे चार आकडे असेच लिहिलेले नाहीत. डायमिथिलफॉर्मामाइड, म्हणजे डीएमएफ, कारखान्यांतलं नेहमीचं द्रावक. त्याच्या काही रेणूंत नायट्रोजनचा जड भाऊ, म्हणजे जड समस्थानिक, असतो आणि प्रोटॉनसकट त्या रेणूंचं वस्तुमान भरतं ७५.०५७०. फरक ०.००१७ चा. २०२० मध्ये मधुमेहाच्या मेटफॉर्मिनबाबत हेच झालं: डीएमएफची भर एनडीएमएच्या खात्यात पडली आणि काही नमुन्यांचे आकडे वाढून आले. एफडीएच्या शास्त्रज्ञांनी फेरमोजणी करून हे दाखवलं. हे दोन शेजारी ओळखायचे तर यंत्राची विभेदनक्षमता, म्हणजे जवळजवळची वस्तुमानं वेगळी ओळखायची ताकद, ४० हजारांच्या वर लागते, किंवा मग कॉलममध्येच दोघांना वेगळं करावं लागतं.

रात्रभर सीक्वेन्स चालतो. आधी ब्लँक, म्हणजे एनडीएमए नसलेला द्रव, मग सहा वेळा स्टँडर्ड, म्हणजे एनडीएमएचं ठरलेलं प्रमाण असलेलं द्रावण, मग नमुने, अधूनमधून पुन्हा स्टँडर्ड. सकाळी शेवटच्या स्टँडर्डचा आकडा बसला नाही, तर आख्खी रात्र रद्द. ही कसोटी परदेशी जाणाऱ्या बॅचला लागते. पालघरच्या, नागपूरच्या दुकानात जाणाऱ्या बॅचला ती तेवढीच लागायला हवी. आपल्याकडचे उन्हाळे आणि पत्र्याची गोदामं पाहता, जास्तच.

नीट मोजल्यावरही काही गोळ्या मर्यादेबाहेर निघाल्या, आणि साठवणीत एनडीएमए वाढत जातं हेही दिसलं. १ एप्रिल २०२० रोजी एफडीएने रॅनिटिडिनची सगळी उत्पादनं अमेरिकेच्या बाजारातून काढायला सांगितली. भारतात सप्टेंबर २०२२ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून त्याचं नाव वगळलं गेलं. विक्रीवर बंदी आली नाही.