बार्शी लाईटची विलायती बहीण

(दृश्य : टेबलावर पितळी पत्रा. वरून दिवा. चिमट्याची सावली.)

हा पितळेचा पत्रा बघा. यातून रेल्वे इंजिनाची छोटी प्रतिकृती जुळवायचीय. जाडी पोस्टकार्डाएवढी. इंजिनाच्या खिडक्या, पायऱ्या, पाण्याच्या टाक्या, सगळं यात आधीच कोरून आलंय, आणि तेही छिन्नीनं नाही, आम्लानं. जो भाग ठेवायचा त्यावर लेप असतो, उघडं राहिलेलं पितळ आम्ल खाऊन टाकतं. दोन्ही बाजूंनी खाल्लं की आरपार भोक. एकाच बाजूनं खाल्लं की पत्रा निम्मा उरतो आणि तिथं घडी नेमकी बसते. रिव्हेटही असेच. मागून खळगा असतो, त्यात टोच्या दाबला की पुढं बारीक दाणा उठतो.

हे इंजिन इंग्लंडमधलं, लीक अँड मॅनिफोल्ड या छोट्या रेल्वेचं. १९०४ साली सुरू झाली, १९३४ मध्ये बंद पडली. मग लातूरच्या घरात मी ते का जुळवतोय? कारण या इंजिनाची बुद्धी आपल्याकडची आहे.

(दृश्य : जुना नकाशा. कुर्डुवाडी, बार्शी, येडशी, तडवळे, ढोकी, मुरूड, लातूर.)

जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत नोकरीला आलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियरनं बार्शी लाईट ही छोटी रेल्वे उभी केली. रूळ अडीच फूट रुंदीचे, म्हणजे ७६२ मिलिमीटर. पहिला टप्पा बार्शी रोड (म्हणजे आजची कुर्डुवाडी) ते बार्शी, १८९७ साली. तडवळ्याला गाडी आली १९०७ मध्ये आणि लातूरला १९११ मध्ये. त्यांचा हिशेब एकच होता : कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार नको. मग रूळ हलके चालतात, पूल स्वस्तात होतात, आणि जिथं मोठी रेल्वे कुणी आणली नसती तिथंही गाडी पोचते. आमच्या गंजातला, म्हणजे बाजारातला, माल अशा हलक्या रुळांवरून बाहेर पडला. इथं तावून सुलाखून निघालेलं हे गणित कॅलथ्रॉप यांनी मग मायदेशी नेलं. लीड्सच्या किटसन कारखान्यानं आधी बार्शीची इंजिनं बांधली, नंतर मॅनिफोल्डची दोन. रुळांची रुंदी तीच. रेल्वेच्या इतिहासात विलायतेची नक्कल हिंदुस्थानानं केली असं वाचायची सवय झालीय. इथं धाकटी बहीण तिकडची आहे, हे लातूरकरांनी ताठ मानेनं सांगावं.

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला आली, तीही जवळजवळ त्याच जुन्या वाटेनं. तोवर रूळ मात्र मोठे झाले होते.

(दृश्य : बॉयलरचा पत्रा, गॅसची ज्योत.)

आता बॉयलर. सपाट पत्र्याची गोल नळी करायची, पण पितळ ताठ असतं, वळवलं की परत उघडतं. त्यासाठी आधी तापवून ते नरम करावं लागतं. भांडी घडवणाऱ्या चाचांकडं मी पत्रा घेऊन गेलो.

"चाचा, उतरवायचा कधी?"

"दिवा बंद कर आधी. उजेडात रंग कळत नाही बाबा. अंधारात मंद लाल दिसला की काढ. उजळ लाल होऊ देऊ नको, पत्रा बसंल."

त्यांनी पत्रा गार केला, सळईवर ठेवला आणि नुसत्या अंगठ्यांनी दाबत नेला. दोन्ही कडा एकमेकींना येऊन भिडल्या. माझ्या मते या सगळ्या कामातली सर्वांत देखणी गोष्ट हीच.

(दृश्य : सोल्डरिंग आयर्न, धूर, सांध्यात पळणारी चकाकी.)

डाख लावताना क्रम पाळायचा. मोठे सांधे आधी, १८८ अंशांना वितळणाऱ्या डाखानं. त्यापुढचे १४५ अंशांच्या. शिशा-कथलाचे ओतीव भाग सगळ्यांत शेवटी, ७० अंशांच्या डाखानं, कारण जास्त उष्णतेत ते भागच वितळून जातात. असा उतरता क्रम ठेवला की नवा सांधा जोडताना जुना सुटत नाही. डाख नीट पसरावा म्हणून लावायचा द्रव, म्हणजे फ्लक्स, पातळ फॉस्फोरिक आम्लाचा. प्रत्येक बैठकीनंतर कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि जुना दातांचा ब्रश. हे टाळलं तर पितळावर हिरवट कळक चढतो, आणि रंग त्यावर टिकत नाही.

(दृश्य : सांगाडा उलटा. चाकं एकेक करून बसतात.)

मोजा : पुढं एक आस, मधे तीन, मागं दोन. सहा आस, बारा चाकं. पाच टनांचा नियम इथं हाताला लागतो. वजन एका जागी साचू द्यायचं नाही, सगळ्या आसांवर पसरायचं.

सगळ्यांत नाजूक काम क्रँकचं, म्हणजे चाकाला दांडा जिथं जोडतात त्या भागाचं. डाव्या बाजूचा क्रँक आणि उजव्या बाजूचा क्रँक यांत ९० अंशांचा फरक हवा. खऱ्या इंजिनात याचं कारण साधं आहे. एका बाजूचा दट्ट्या टोकाला पोचला की त्याचा जोर चाकाला मिळत नाही. त्या क्षणी दुसरी बाजू भर ताकदीत असली की इंजिन अडून राहत नाही. माझ्या इंजिनात वाफ नाही, पोटात विजेची मोटर आहे, तरी हा कोन तितकाच नेमका लागतो. मधल्या तिन्ही आसांवर तो सारखा नसेल तर चाकं एकमेकांना जोडणारे दांडे अडकतात. म्हणून सांगाडा काचेवर ठेवून, मोटर न जोडता, बोटानं ढकलून बघायचं. तो सहज घरंगळला पाहिजे.

(दृश्य : टाकीच्या बाजूवर नावाची पाटी. त्यानंतर पुढचा दिवा.)

मूळ इंजिनांना नावं होती. एक 'जे. बी. अर्ल', दुसरं 'ई. आर. कॅलथ्रॉप'. मी दुसरं निवडलं. पाटी नखाएवढी, पण अक्षरं उठावदार. आणि धुरांड्यापुढचा हा भला मोठा दिवा बघा. छोट्या इंग्रजी इंजिनावर असा दिवा सहसा दिसत नाही. आपल्याकडच्या इंजिनांवर तो नेहमीचा.

पूर्ण झालेलं इंजिन तळहातावर मावतं. प्रमाण १:७६, रूळ ९ मिलिमीटरचे. हिशेबानं १० हवेत, पण या प्रमाणात तयार रूळ आणि चाकं ९ चीच सहज मिळतात, आणि चालवताना ती तफावत मला खटकत नाही.

यानंतर बार्शीचं स्वतःचं इंजिन करायचंय, दांड्यांनी जोडलेली आठ चाकं आणि मागं चार चाकं असलेलं. त्यासाठी पत्रा कोरून येणार नाही. नकाशा काढून, करवतीनं कापून, कानशीनं घासून, तो इथंच लातुरात तयार करायचाय. चाचांना आधीच विचारून ठेवलंय.