एका सुक्या झेंडूपासून

[दृश्य : तळहातावर वाळलेला झेंडू. दुसऱ्या हाताची बोटं तो उसवतात.]

हा झेंडू वाळून खडखडीत झालाय. रंग उडालाय, पाकळ्यांचा चुरा व्हायला लागलाय. बहुतेक जण हे फूल इथेच टाकून देतात. आपण जरा थांबू या. देठावरची ही तपकिरी वाटी नखानं उभी चिरली की आत काड्यांची जुडी दिसते. प्रत्येक काडी एका टोकाला काळी आणि दुसऱ्या टोकाला फिकट, कुंच्याच्या केसासारखी. यातली एकेक काडी म्हणजे एकेक बी. ज्यांनी आजवर एकही झाड लावलेलं नाही, त्यांनी सुरुवात इथून करावी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

फुलांनी डवरलेलं तयार रोप आणणं सोपं, हे खरं. पण ते रोप लहानशा पिशवीत मुळं दाटून वाढलेलं असतं. कुंडी बदलते, ऊन बदलतं, आणि आठवड्याभरात त्याची फुलं गळतात. मग नवखा माणूस स्वतःलाच दोष देतो, "माझ्या हाताला गुणच नाही." बी पेरणाऱ्याला रोप पहिल्या दिवसापासून कळत जातं. त्याला तहान कधी लागते, ते कुठल्या बाजूला झुकतं, हे डोळ्यांदेखत घडत असतं.

[दृश्य : माती, कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट एकत्र कालवलं जातंय.]

माती कशी हवी? ओलसर मातीची मूठ वळा आणि उघडा. गोळा व्हायला हवा, पण बोट लावताच तो फुटायलाही हवा. तसाच घट्ट राहिला तर त्यात थोडी वाळू किंवा कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मिसळा. कुंडीच्या बुडाला भोक असलंच पाहिजे, त्यात तडजोड नाही. बी किती खोल पेरायचं, तर त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट. झेंडूला वरून मातीचा पातळ थर पुरे. वर पाणी ओतू नका, शिंपडा. धारेनं बी एका कोपऱ्यात गोळा होतं.

आता हे बघा.

[दृश्य : काचेला लागून पेरलेलं बी. अनेक दिवसांचं चित्रण काही सेकंदांत.]

काचेच्या बरणीत कडेला बी पेरलं आणि समोर कॅमेरा लावून ठेवला. सुरुवातीला काहीच होत नाही असं वाटतं. प्रत्यक्षात बी पाणी पितंय, फुगतंय. मग टोक फुटतं आणि पांढरं मूळ बाहेर येतं. कोंब नाही, पानही नाही. आधी मूळ.

हे बी आम्ही मुद्दाम उलटं ठेवलं होतं. तरी मूळ वळलं आणि खालीच गेलं. मुळाच्या टोकाशी असलेल्या पेशींमध्ये पिष्टमय पदार्थाचे जड कण असतात. ते ज्या बाजूला बसतात ती खालची बाजू, हे मुळाला कळतं. म्हणून बी सुलटं पडलं की उलटं, याची काळजी पेरणाऱ्यानं करायची नाही.

आता वरचा भाग बघा. रोप सरळ उभं राहून माती फोडत नाही. मान वाकवून, पाठीनं माती ढकलत वर येतं. कोवळा शेंडा आणि दोन दलं त्या वाकण्यामुळे सुरक्षित राहतात. उजेड लागला की मान हळूहळू सरळ होते आणि दलं उघडून हिरवी पडतात. ही पहिली दोन पानं झेंडूची वाटतच नाहीत. साधी, लांबट. कातरलेल्या कडांची खरी पानं त्यानंतर येतात. उबदार हवेत पेरल्यापासून इथवर साधारण चार ते सात दिवस लागतात.

इथेच बरीच रोपं जातात. माती सतत चिखल राहिली तर बुरशी लागते, रोप बुडाशी काळं पडून आडवं होतं. त्याला मर म्हणतात. वरची माती बोटाला कोरडी लागल्याशिवाय पुन्हा पाणी नको.

पाण्याची ही गोष्ट पृथ्वीबाहेरही खरी ठरली आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात झिनियाची रोपं वाढवली जात होती. २०१५ च्या डिसेंबरमध्ये जास्त ओलाव्यामुळे त्यांच्यावर बुरशी आली. तेव्हा अंतराळवीर स्कॉट केली यांनी विचारलं, ठरलेल्या वेळापत्रकाऐवजी रोपांकडे बघून पाणी दिलं तर? त्यांना तशी मोकळीक मिळाली. जानेवारी २०१६ मध्ये तिथे झिनियाचं केशरी फूल उमललं. जमिनीवरच्या कुंडीलाही तोच नियम लागू आहे. घड्याळ बघून पाणी देऊ नका, रोप बघून द्या.

[दृश्य : झिनियाचे रंग, एकामागून एक.]

झिनिया शक्यतो थेट जागेवर पेरा, मुळांना हलवलेलं त्याला आवडत नाही. पाणी बुडाशी द्या. पानं भिजत राहिली आणि झाडं दाटीनं उभी असली की पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी येते.

झेंडूकडे परत. रोप वीतभर झालं की त्याचा शेंडा खुडायचा. हात धजावत नाही, हे आम्हाला माहीत आहे.

[दृश्य : दोन बोटं, शेंडा, क्षणभर थांबणं. मग खुडणं.]

शेंडा असतो तोवर तो पानांच्या बगलेतल्या डोळ्यांना, म्हणजे न फुटलेल्या अंकुरांना, दाबून ठेवतो. तो गेला की खालचे डोळे फुटतात, आणि एका काठीच्या जागी डेरेदार झुडूप उभं राहतं. पेरल्यापासून दोनेक महिन्यांत कळ्या दिसू लागतात. पुढे कोमेजलेली फुलं खुडत राहा. बी धरलं की आपलं काम झालं असं झाड मानतं आणि फुलणं कमी करतं. पण प्रत्येक झाडावरची दोन-तीन उत्तम फुलं मात्र राखून ठेवा. ती कशासाठी, ते पुढे येईल.

कॉसमॉस एका वाक्यात सांगता येतो. त्याला खत घालू नका. सुपीक मातीत तो नुसता पाला वाढवतो, हलक्या मातीत भरभरून फुलतो.

[दृश्य : सूर्यफुलाची कोवळी रोपं, पहाटेपासून पहाटेपर्यंत.]

मुलांच्या हाती द्यायचं असेल तर सूर्यफुलाचं बी द्या. मोठं आहे, लहान बोटांतूनही निसटत नाही. कोवळी रोपं दिवसभर सूर्यामागे वळतात आणि रात्री पुन्हा पूर्वेकडे येतात. खोडाची पूर्वेकडची बाजू दिवसा जास्त वाढते, पश्चिमेकडची रात्री, त्यामुळे हा झोका तयार होतो. पूर्ण उमललेलं फूल मात्र पूर्वेला तोंड करून स्थिरावतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की अशी फुलं सकाळी लवकर तापतात आणि त्यांच्याकडे मधमाश्या जास्त येतात.

सदाफुली आणि पोर्चुलाका शेजारी ठेवलेत, कारण त्यांच्या सवयी उलट आहेत. पोर्चुलाकाचं बी धुळीइतकं बारीक. ते मातीवर नुसतं भुरभुरायचं आणि हलकेच दाबायचं. त्याला उगवायला उजेड लागतो. सदाफुलीच्या बीला अंधार लागतो, म्हणून ते झाकायचं. मुळची मादागास्करची ही सदाफुली. तिच्यातून १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन वेगळं काढलं गेलं, आणि ते पुढे कर्करोगावरचं औषध झालं. झाड स्वतः विषारी आहे, तोंडात घालू नये. गुलबक्षीचं बी आणि मूळही तसंच.

[दृश्य : उतरतं ऊन. गुलबक्षीची मिटलेली कळी.]

दुपार कलली की ती जागी होते. आधी कळीचा पीळ सुटतो, मग नळी फुगते, मग कड उलगडते.

[दृश्य : निवेदन थांबतं. फूल उमलतं. एक पतंग येतो.]

आपण जिला पाकळी म्हणतो ती इथे पाकळी नाही, रंगीत झालेला निदलपुंज, म्हणजे एरवी हिरवं असणारं फुलाचं बाहेरचं आवरण आहे. गुलबक्षीच्या चट्टेरी पानांच्या झाडांवर वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल कोरेन्स यांनी प्रयोग केले आणि ते १९०९ मध्ये मांडले. रोपाची पानं हिरवी होणार, पांढरी की चट्टेरी, हे परागकण कुठून आले यावर ठरत नव्हतं. बी कोणत्या फांदीवर धरलं, त्यावर ठरत होतं. आईकडून येणारा वारसा, आणि तो ज्यात सामावलाय ते बी मिऱ्यासारखं काळं, सुरकुतलेलं, फुलाच्या तळाशी उघड्यावर बसलेलं असतं. उचलायचं आणि ठेवायचं, इतकंच.

आणि आता तेरडा. हे दृश्य आम्ही सावकाश करून दाखवतोय.

[दृश्य : फुगलेलं बोंड. बोटाचा स्पर्श. स्फोट.]

बोंड पिकत जातं तसा त्याच्या भिंतींत ताण साठत जातो. जरासा धक्का लागला की भिंती आतल्या आत गुंडाळल्या जातात आणि बिया उडतात. तेरड्याचं बी हवं असेल तर आधी बोंडावर कागदाची पुडी धरा. तेरड्याच्या झाडाला ओलावा आवडतो, एवढं लक्षात ठेवा.

राखून ठेवलेला झेंडू एव्हाना झाडावरच वाळलाय. कोरड्या दिवशी तो तोडा, पाकळ्यांची घाण काढा आणि बी सावलीत पसरून ठेवा. पूर्ण सुकल्याशिवाय बांधू नका. प्लॅस्टिकमध्ये दमट राहिलेलं बी बुरसतं, म्हणून कागदाची पुडी बरी. संकरित जातीचं बी आईसारखं निघेलच असं नाही. फुलं मात्र येतील.

[दृश्य : कागदाची घडी. पेन्सिलीनं लिहिणारा लहानसा हात.]

पुडीवर नाव लिहा, रंग लिहा, महिना आणि वर्ष लिहा. एका फुलाचं बी एका घराच्या गरजेपेक्षा जास्तच निघतं. त्यातलं अर्धं दुसऱ्या पुडीत बांधा.

[दृश्य : दोन पुड्या. एक खणात जाते. दुसरी दाराबाहेर थांबलेल्या हातात.]