सेजलीच्या बीकनमधली डार्क रुबी

ग्लास टेबलावर असताना ही बिअर काळीच दिसते. आता उचलून जरा खिडकीकडे धरा. बघा, कडेकडेने लाल रंग फुटतोय, माणकाचा असतो तसा गडद लाल, आणि वर बदामी फेस. हिचं नाव डार्क रुबी माइल्ड, अल्कोहोल ६ टक्के. आणि मी आधीच सांगून टाकतो, इंग्लंडला जाऊन एकच बिअर प्यायची असेल तर माझ्या मते ती ही प्यावी, लंडनमधली कुठलीही नाही.

आपण आहोत सेजलीत. इंग्लंडच्या साधारण मधोमध, बर्मिंगहॅमच्या वायव्येला, डडली आणि वुल्वरहॅम्प्टन या दोन गावांच्या मधे चढावर वसलेलं हे गाव. या सगळ्या पट्ट्याला ब्लॅक कंट्री म्हणतात. इथे जमिनीखाली दगडी कोळसा, काही ठिकाणी थर तब्बल ३० फूट जाड, शेजारीच लोहखनिज, शेजारीच चुनखडी, म्हणजे लोखंड बनवायला जे जे लागतं ते सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. मग काय, एकोणिसाव्या शतकात सगळीकडे खाणी, भट्ट्या, खिळ्यांचे आणि साखळ्यांचे कारखाने. टायटॅनिकचा मोठा नांगर, १५ टनांहून जड, तो इथूनच जवळ नेदरटनला बनला आणि १९११ मधे २० घोडे जुंपून डडलीच्या रेल्वे स्टेशनपर्यंत ओढत नेला.

आता जरा विचार करा, दिवसभर वितळलेल्या लोखंडासमोर उभा राहिलेला माणूस संध्याकाळी काय पिणार. त्याला घसा ओला करणारं पाहिजे, अंगात थोडी ताकद येईल असं पाहिजे आणि खिशाला परवडणारं पाहिजे. ते पेय म्हणजे माइल्ड. फार मुरवत न ठेवता ताजी ताजी विकायची, हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी एका वेलीची फुलं, कमी घालायची म्हणून कडवटपणा कमी, आणि माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीची, गोडी भरपूर. कामगारांची बिअर म्हणून हिला कायम जरा खालचं समजलं गेलं आणि मला खरंच याचं वाईट वाटतं, कारण करायला ही अजिबात सोपी नाही.

हा समोर दिसतोय तो बीकन हॉटेल पब. नाव हॉटेल असलं तरी आहे पबच, व्हिक्टोरियन काळातला, लाल विटांचा. आत शिरलात की मधोमध काउंटर आहे, पण तो उघडा नाहीये, चारी बाजूंनी लाकूड आणि काच, आणि त्यात छोट्या छोट्या खिडक्या. बिअर मागायची तर त्या खिडकीशी वाकायचं, आत उभ्या असलेल्या माणसाशी नजर मिळवायची आणि ऑर्डर द्यायची. आजूबाजूला वेगवेगळ्या खोल्या आणि प्रत्येक खोलीची स्वतःची खिडकी. आजच्या पबमधे भिंती पाडून एक मोठा हॉल करतात, टीव्ही लावतात, तसलं इथे काही केलेलं नाही आणि ते न केल्यामुळेच इथे बसून शेजारच्याशी हळू आवाजात बोलता येतं.

१९२१ मधे हा पब सारा ह्यूज नावाच्या बाईंकडे आला. हा भागच कष्टकरी बायकांचा. जवळच्याच क्रेडली हीथ गावात बायका घरामागच्या छोट्या भट्टीत साखळीच्या कड्या ठोकायच्या, पोरं तिथेच बाजूला खेळत असायची, आणि १९१० मधे याच बायकांनी दहा आठवडे संप करून मालकांना मजुरी वाढवायला लावली होती. त्यानंतर अकरा वर्षांनी सेजलीत एक बाई स्वतःच्या पबच्या मागे स्वतः बिअर गाळायला लागते, आणि तिची डार्क रुबी पंचक्रोशीत गाजते. साराबाई गेल्यावर मुलाने काही वर्षं चालवलं, मग १९५० च्या दशकाच्या शेवटी शेवटी ब्रुअरी, म्हणजे बिअर गाळायची जागा, बंद पडली. पब चालू राहिला, मागची ब्रुअरी नुसती उभी.

आणि इथेच नशीब. त्या काळात अशा बंद ब्रुअऱ्या लोकांनी सरळ पाडल्या, तांब्याची भांडी भंगारात विकली, जागेवर पार्किंग केलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अख्ख्या ब्रिटनमधे स्वतःची बिअर स्वतः बनवणारे जुने पब फक्त चार उरले होते, चार! त्यातला एक इथून जवळच, नेदरटनचा ओल्ड स्वान. बीकनची इमारत मात्र टिकली आणि १९८७ मधे साराबाईंचा नातू जॉन ह्यूज याने ब्रुअरी परत सुरू केली, आजीच्याच रेसिपीने.

ब्रुअरी बघूया, कारण चवीचं निम्मं गणित इथे आहे. ही टॉवर ब्रुअरी आहे म्हणजे उंच आणि अरुंद, आणि सगळं काम वरून खाली. धान्याची पोती वर चढवायची, सगळ्यात वरच्या मजल्यावर गरम पाणी आणि भरडलेलं माल्ट, तिथून ते खाली मॅश टनमधे, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजत ठेवायच्या हौदात, तिथून गोड रस खाली उकळायच्या भांड्यात, त्यात हॉप्स, मग गार करून अजून खाली आंबवायला. पंपाचं काम बरंचसं गुरुत्वाकर्षणच करतं. विजेच्या आधीच्या काळातली ही रचना आहे आणि जागा इतकी कमी की दोन माणसं एकमेकांना ओलांडून जाताना अंग चोरतात.

आता रंग. लोकांना वाटतं काळी बिअर म्हणजे काहीतरी जळलेलं, कडू, जड. हिच्यातला रंग येतो मुख्यतः क्रिस्टल माल्टमुळे. बार्ली भिजवतात, मोड आणतात, इथपर्यंत नेहमीसारखंच, पण मग ती सुकवायच्या आधी ओली असतानाच बंद ड्रममधे तापवतात, त्यामुळे दाण्याच्या आत टरफलातल्या टरफलातच स्टार्चची साखर होते, आणि नंतर जोरात भाजलं की ती साखर आतच कॅरॅमल होऊन घट्ट बसते. दाणा दाताखाली फोडला तर टॉफीसारखा कडक लागतो. साखर खाऊन तिचं अल्कोहोल करणारं जे यीस्ट, त्याला यातली बरीचशी साखर खाताच येत नाही. म्हणून ती बिअरमधे उरते, आणि आपल्याला जिभेवर जो भरीवपणा जाणवतो, जी गोडी जाणवते, ती तीच. अल्कोहोल झालं तरी गोडी संपत नाही ती यामुळे.

चला, चव घेऊ. पण आधी वास. मनुका, पिकलेले काळे प्लम, आणि मागून थोडासा भाजलेला वास. फळं कोणी घातलेली नाहीत, इंग्लिश एलचं, म्हणजे अशा उबेत आंबवलेल्या बिअरचं, यीस्ट साधारण २० अंशांच्या आसपास काम करतं आणि त्या उबेत ते असे फळांचे वास तयार करतं, लागरचं, म्हणजे थंडीत आंबवलेल्या बिअरचं, यीस्ट हळू चालतं म्हणून लागरमधे हे नसतं.

पहिला घोट लहान घ्या. सुरुवातीला काकवी, अगदी आपल्या कोल्हापूरच्या गुऱ्हाळावरची ताजी काकवी, तोच जरासा खनिज, जरासा धुरकट गोडवा. मग मधे फळं येतात. आणि तुम्हाला वाटतं की आता हे गोड गोड होत जाणार, तेवढ्यात शेवटी हॉप्सचा कडवटपणा येऊन ते सगळं आवरतो. घोट गिळल्यावर तोंड चिकट होत नाही, कोरडं होतं, आणि लगेच दुसरा घोट घ्यावासा वाटतो. ६ टक्क्यांची बिअर इतकी सहज उतरते यात कौशल्य आहे आणि धोकाही आहे, म्हणून इथे जाणते लोक अर्ध्या पाइंटने सुरुवात करतात. पाइंट म्हणजे ५६८ मिली, आपल्याकडच्या मोठ्या बाटलीपेक्षा थोडाच कमी.

फार थंड नाहीये, हे तुमच्या लक्षात आलं असेल. गरम पण नाहीये, 'इंग्रज गरम बिअर पितात' हे काही खरं नाही. तळघरात ११ ते १३ अंश असतात, तेवढीच थंड. हीच बिअर फ्रिजमधे ४ अंशांवर नेली तर मनुका, काकवी, सगळं गायब होईल, उरेल फक्त काळं पाणी. गॅसचं पण तसंच, वरून कार्बन डायऑक्साइड मारलेला नाही, पिंपात यीस्ट अजून जिवंत आहे आणि त्याने जेवढे बुडबुडे केले तेवढेच. म्हणूनच ती टोचत नाही. पण त्याची किंमत अशी की पिंप एकदा फोडलं की तीन-चार दिवसांत संपवावं लागतं, हवा लागली की बिअर आंबट व्हायला लागते. गिऱ्हाईक कमी असलेला पब ही बिअर नीट ठेवूच शकत नाही, आणि कितीतरी ठिकाणी माइल्ड संपली ती या कारणाने.

दुसरं कारण बदनामी. माइल्ड काळी असल्यामुळे काही पबवाले उरलेली, सांडलेली दुसरी बिअर तिच्या पिंपात ओतायचे, रंगात कळायचं नाही. लोकांचा विश्वास उडाला. १९५० च्या दशकापर्यंत इंग्लंडमधे सगळ्यात जास्त खपणारी बिअर माइल्ड होती हे आज तिथल्या तरुणांना सांगितलं तर खरं वाटणार नाही. मग बिटर, म्हणजे जास्त कडवट बिअर, आली, मग लागर, खाणी बंद, भट्ट्या बंद, आणि ज्यांची ही बिअर होती ती कामंच राहिली नाहीत.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट घडली होती. आज बाकी ठिकाणी मिळणारी माइल्ड बहुतेक ३ ते साडेतीन टक्क्यांची असते, म्हणून सगळे समजतात की माइल्ड म्हणजे हलकी. पहिल्या महायुद्धाआधी तसं नव्हतं, ५-६ टक्क्यांच्या माइल्ड सर्रास होत्या. युद्ध सुरू झालं, १९१४ च्या नोव्हेंबरात बिअरवरचा कर जवळजवळ तिप्पट केला, धान्य वाचवायचं होतं, दारूगोळ्याच्या कारखान्यातले कामगार शुद्धीवर पाहिजे होते, पबच्या वेळा कापल्या, आणि बिअर पातळ होत गेली. युद्ध संपलं तरी ती परत पूर्वीसारखी झाली नाही. म्हणून डार्क रुबीला मान. आजोबा-पणजोबांच्या काळात भट्टीवरून सुटलेला माणूस ज्या ताकदीची बिअर पीत होता, ती चाखायला आज फार कमी जागा उरल्यात, आणि त्यातली एक ही.

आपल्याकडे इंग्रजांची बिअर म्हटलं की इंडिया पेल एलची, म्हणजे जहाजाने हिंदुस्थानात यायची त्या भरपूर हॉप्सवाल्या फिक्या बिअरची, गोष्ट सगळे सांगतात. ती साहेबलोकांची. हिंदुस्थानातल्या छावण्यांमधला साधा गोरा शिपाई मात्र पोर्टर नावाची काळी बिअर प्यायचा, जहाजं भरभरून यायची ती. माइल्ड मुळात ताजी प्यायची, जहाजात महिनोन्‌महिने ठेवायची बिअरच नव्हे.

आणखी एक, आणि हे आपल्या शाकाहारी लोकांनी नीट ऐका. पिंपातली बिअर स्वच्छ व्हावी म्हणून परंपरेने त्यात आयसिंग्लास घालतात, म्हणजे माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ, तो यीस्टला धरून तळाशी बसतो. घोळ माशाच्या ज्या पिशवीला पालघरच्या किनाऱ्यावर एवढा भाव मिळतो, तसलीच पिशवी, आणि एकोणिसाव्या शतकात हा माल मुंबईहूनही इंग्लंडला जायचा. आता बरेच ब्रुअर तो वापरत नाहीत. कुठल्याही पबमधे सरळ विचारा, विचारलेलं कोणी वाईट मानत नाही.

खायला काय? फार काही नको. पावाचा मोठा गोल बन, इथे त्याला कॉब म्हणतात, आत चेडर चीजचा जाड तुकडा आणि कच्चा कांदा. कांद्याचा झणका आणि बिअरची गोडी, एवढ्यात काम झालं. मांसाहारी असाल तर पोर्क स्क्रॅचिंग्ज, डुकराची कातडी खारवून तळलेली, ब्लॅक कंट्रीचाच पदार्थ, पण दात मजबूत पाहिजेत.

यायचं असेल तर सेजलीला रेल्वे स्टेशन नाहीये, जवळचं स्टेशन कोसेली, तिथून वर चढून या, नाहीतर वुल्वरहॅम्प्टन किंवा डडलीहून बस पकडा. गाडी आणू नका, कारण कळलंच असेल. आणि येण्याआधी पबच्या वेळा बघा, जुन्या पद्धतीचे पब दुपारी बंद असू शकतात. मे महिन्यात आलात तर अजून चांगलं, पारंपरिक एल वाचवायला १९७१ पासून झटणारी काम्रा ही संघटना मे महिना माइल्डचा म्हणून साजरा करते, तेव्हा इतर पबमधेही माइल्ड दिसते आणि डार्क रुबीशी तिची तुलना करता येते.

इथे बीकनमधे ह्यूज घराण्याच्या अजून दोन बिअर मिळतात, ४ टक्क्यांची पेल अँबर आणि ५ टक्क्यांची सरप्राइज. तिन्ही घ्यायच्या असतील तर अर्धा अर्धा पाइंट घ्या, पेल अँबरपासून सुरू करा आणि डार्क रुबी शेवटी ठेवा, आधी तिला हात लावलात तर बाकीच्या दोघींची चवच लागणार नाही.