लॅरी रॉबिन्सन : आधी बचाव, मग प्रशिक्षण

आइस हॉकीत एका संघाचे सहा जण बर्फावर असतात : एक गोलरक्षक, तीन आक्रमक आणि दोन बचावपटू. सुमारे ६१ मीटर लांबीच्या मैदानात पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, कुठेही असला, तरी बचावपटूला आपल्या गोलासमोरची जागा विसरून चालत नाही. त्याचे सर्वांत चांगले काम म्हणजे जो गोल झालाच नाही तो, आणि त्याची नोंद गुणफलकावर होत नाही. लॅरी रॉबिन्सन यांनी हे काम नॅशनल हॉकी लीग या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धेत सलग वीस हंगाम केले आणि पुढे त्याहूनही अधिक काळ ते इतरांना शिकवण्यात घालवला.

त्यांचा जन्म २ जून १९५१ रोजी कॅनडातील ओंटारियो प्रांतात झाला. मार्व्हलव्हिल नावाच्या खेड्यात, दुधाच्या व्यवसायावर चालणाऱ्या शेतावर ते वाढले. सुरुवातीला ते आक्रमक म्हणून खेळत. बचावाच्या फळीत ते कुमार संघात असताना आले. १९७१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, मॉन्ट्रियल कॅनेडियन्सने पहिल्या क्रमांकावर गी लाफ्लर यांना घेतले आणि विसाव्या क्रमांकावर रॉबिन्सन यांना. लाफ्लर थेट मुख्य संघात गेले. सहा फूट चार इंच उंचीच्या रॉबिन्सन यांना मात्र आधी नोव्हा स्कोशिया व्हॉयेजर्स या दुय्यम संघात पाठवण्यात आले. तिथे प्रशिक्षक होते अल मॅकनील, जे स्वतः एके काळचे बचावपटू. बचाव ही एक विद्या आहे आणि ती कोणीतरी शिकवावी लागते, याचा प्रत्यय रॉबिन्सन यांना इतक्या लवकर आला, हे त्यांच्या पुढच्या आयुष्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचे वाटते. जानेवारी १९७३ मध्ये त्यांना मॉन्ट्रियलचे बोलावणे आले आणि त्याच हंगामात संघाने लीगच्या विजेत्याला मिळणारा स्टॅनले चषक जिंकला.

आता पाहू १९७६ ची अंतिम लढत. ही लढत जास्तीत जास्त सात सामन्यांची असते आणि आधी चार सामने जिंकणारा संघ विजेता ठरतो. समोर फिलाडेल्फिया फ्लायर्स, म्हणजे धाकदपटशाच्या खेळासाठी ओळखला जाणारा, सलग दोन वर्षे विजेता ठरलेला संघ. दुसऱ्या सामन्यात रॉबिन्सन यांनी गॅरी डॉर्नहोफर यांना अंगाने अशी धडक दिली की मैदानाच्या कडेची फळी आत दबली आणि ती दुरुस्त होईपर्यंत खेळ थांबवावा लागला. ही धडक नियमात बसणारी होती. मॉन्ट्रियलने ती लढत ४-० अशी जिंकली आणि तिथून सलग चार वर्षे चषक आपल्याकडे ठेवला.

त्या संघाचे प्रशिक्षक होते स्कॉटी बोमन, आणि बचावाचा भार होता सर्ज सावार, गी लापॉइंट व रॉबिन्सन या तिघांवर. १९७६-७७ च्या हंगामात हा संघ ८० पैकी केवळ ८ सामने हरला. त्याच हंगामातील रॉबिन्सन यांचा एक आकडा थांबून पाहण्यासारखा आहे. समसमान खेळाडूंनिशी खेळ चालू असताना एखादा खेळाडू बर्फावर असेल आणि त्याच्या संघाने गोल केला, तर त्याच्या खात्यात एक जमा होतो. गोल झाला प्रतिस्पर्ध्याचा, तर एक वजा होतो. रॉबिन्सन यांची त्या वर्षीची शिल्लक होती १२०. एका हंगामात याहून अधिक शिल्लक आजवर फक्त बॉबी ऑर यांच्या नावावर आहे, १२४. आणि संपूर्ण कारकिर्दीचा हिशेब केला, तर रॉबिन्सन यांच्या पुढे कोणीही नाही. सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस चषक त्यांना १९७७ आणि १९८० मध्ये मिळाला, तर १९७८ च्या प्लेऑफमधील, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांतील, सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्मिथ चषकही त्यांनाच मिळाला. १९८६ मध्ये, पस्तिशीला टेकलेले असताना, पॅट्रिक रुवा या नवख्या गोलरक्षकाच्या पुढे उभे राहून त्यांनी खेळाडू म्हणून सहावा चषक जिंकला. अखेरचे तीन हंगाम ते लॉस एंजेलिस किंग्जकडून खेळले आणि १९९२ मध्ये निवृत्त झाले. वीसही हंगामांत त्यांचा संघ प्लेऑफमध्ये पोहोचला होता.

१९९३ मध्ये मॉन्ट्रियलचे जुने सहकारी जॅक लमेर न्यू जर्सी डेव्हिल्सचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांनी बचावपटूंची जबाबदारी रॉबिन्सन यांच्याकडे सोपवली. स्कॉट स्टीव्हन्स आणि तरुण स्कॉट नीडरमायर यांच्यासारखे बचावपटू तिथे होते. १९९५ च्या अंतिम लढतीत या संघाने डेट्रॉइटला ४-० असे हरवले. डेट्रॉइटचे प्रशिक्षक होते खुद्द स्कॉटी बोमन. पुढची चार वर्षे रॉबिन्सन किंग्जचे मुख्य प्रशिक्षक होते, पण वेन ग्रेट्स्की संघ सोडून गेल्यावर उभारणी नव्याने करावी लागली आणि प्लेऑफ एकदाच गाठता आला.

ते सहाय्यक म्हणून न्यू जर्सीला परतले. मार्च २००० मध्ये, साखळीचे केवळ आठ सामने उरले असताना, मुख्य प्रशिक्षकाला हटवून संघ त्यांच्या हाती देण्यात आला. फिलाडेल्फियाविरुद्धच्या उपांत्य लढतीत डेव्हिल्स १-३ असे मागे पडले, तेव्हा एरवी सौम्य असणारे रॉबिन्सन ड्रेसिंग रूममध्ये खेळाडूंवर भडकले. नेहमी ओरडणाऱ्या माणसाच्या ओरडण्याने जे साधले नसते, ते इथे साधले : पुढचे तिन्ही सामने डेव्हिल्सने जिंकले. १० जून रोजी डॅलसमध्ये जेसन आर्नटने दुसऱ्या जादा वेळेत गोल केला आणि चषक आला. जखमी पेट्र सिकोरा त्या वेळी रुग्णालयात होता. त्याची जर्सी अंगात घालून रॉबिन्सन बर्फावर उतरले. खेळाडूंचे त्यांच्यावर प्रेम का होते, हे या दृश्यातून कळते.

मुख्य प्रशिक्षकपदाने मात्र त्यांना समाधान दिले नाही. २००१ मध्ये कोलोरॅडोविरुद्ध ३-२ अशी आघाडी घेऊनही अंतिम लढत हातची गेली आणि जानेवारी २००२ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले. २००५ मध्ये ते पुन्हा त्याच खुर्चीवर बसले आणि डिसेंबरमध्ये, ताण असह्य झाल्याचे उघडपणे सांगून, स्वतःहून बाजूला झाले. व्यावसायिक खेळात असे बोलण्याची पद्धत त्या काळी नव्हती; त्यांच्या कारकिर्दीतील हा निर्णय मला कोणत्याही चषकाइतकाच धैर्याचा वाटतो. कारण त्यांनी खेळ सोडला नाही, फक्त आपली जागा ओळखली. न्यू जर्सीत आणि नंतर सॅन होजे शार्क्समध्ये ते बचावपटूंना घडवत राहिले. २०१८ मध्ये सेंट लुइस ब्लूजने त्यांना सल्लागार म्हणून घेतले. जानेवारी २०१९ च्या प्रारंभी हा संघ लीगमध्ये तळाला होता. १२ जूनला बोस्टनमध्ये सातवा सामना जिंकून त्याने आपला पहिला स्टॅनले चषक मिळवला. रॉबिन्सन यांचा तो दहावा होता.