बाटलीतलं पेट्रोल, तापलेला रेडिएटर आणि आपली गाडी

(सोलापुरात गाडीवाल्यांसमोर झालेलं बोलणं. बोललेलं तसंच ठेवलंय, फक्त थोडं नीट केलंय.)

या या, पुढं जागा आहे, पंख्याखाली बसा. सुरुवातीलाच एक गोष्ट निकालात काढतो, कारण एप्रिल लागला की ते व्हॉट्सअपवर फिरायला लागतंय आणि कुणीतरी मला पाठवतंयच, की उन्हाळ्यात टाकी फुल्ल करू नका, स्फोट होतोय, अर्धीच भरा. तसं काही नसतंय. इंडियन ऑइलनं स्वतः खुलासा केलेला आहे की गाडीच्या कंपनीनं दिलेल्या लिमिटपर्यंत टाकी कधीही भरा, उन्हाळा असो की हिवाळा. पेट्रोल तापलं की फुगतं हे खरं आहे, दहा डिग्रीला साधारण एक टक्का. म्हणजे पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून 30 डिग्रीचं पेट्रोल घेतलं, गाडी दुपारभर सात रस्ता चौकात उन्हात लावली आणि ते 45 डिग्रीला गेलं, तरी 40 लिटरला अर्धा-पाऊण लिटर वाढणार. तेवढी मोकळी जागा टाकीत वरच्या बाजूला सोडलेलीच असते.

भानगड दुसरीकडं आहे. नोझल टक करून कट झालं की थांबायचं असतंय, पण आपण थांबतो का? गाडी हलवायची, परत नोझल दाबायचं, "दोन हजारचं करून टाक बे" म्हणायचं. हे वरचं पेट्रोल टाकीतून निघणाऱ्या वाफांच्या वाटेनं जातंय. तिथं कोळसा भरलेला एक डबा असतो, कॅनिस्टर म्हणतेत त्याला, तो फक्त वाफ धरायला केलेला आहे, पातळ पेट्रोल धरायला नाही. तो भिजला की पेट्रोल भरल्या भरल्या गाडी स्टार्ट व्हायला कुरकुरणार, चेक इंजिनचा दिवा लागणार, आणि मालक पंपवाल्याला शिव्या देणार. पंपावर शंका असेल तर शिव्या देण्यापेक्षा 5 लिटरचं माप मागा, शिक्का मारलेलं माप प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं, फिल्टर पेपर पण मागता येतो. मागितलं तर नाही म्हणता येत नाही त्यांना.

आता वाफ म्हणालो ना, आज मला खरं त्याच्याबद्दलच बोलायचंय. पातळ पेट्रोल स्वतः जळत नाही, त्याच्यावरची वाफ जळते. आणि ती वाफ तयार व्हायला उष्णता लागते असं पण नाही, उणे 40 डिग्रीच्या आसपास सुद्धा पेट्रोल पेट घेण्याएवढी वाफ सोडतंय, म्हणजे बर्फात ठेवलं तरी सुरक्षित नाही. ही वाफ हवेपेक्षा तिपटी-चौपटीनं जड. वर उडून जात नाही, खाली बसते, जमिनीवरून सरपटत जाते, गॅरेजच्या खड्ड्यात साठते, गटारीत उतरते. त्यामुळं पेट्रोल इथं सांडलंय आणि बिडी तिकडं चार पावलांवर पेटवली तरी आग पेटवणाऱ्याकडून उलटी पेट्रोलकडं येतेय. लोकांना वाटतं "लांब होतो की मी".

डिझेलवाले गालात हसायलेत, बघतोय मी. डिझेलला काय होत नाही, काडी टाकली तरी विझते, असं आपल्याकडं सगळे म्हणतेत. थंड मुलखात खरं असेल ते. आपल्या देशात डिझेलच्या फ्लॅश पॉइंटची, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ पेटू शकते त्याची, किमान मर्यादा 35 डिग्री आहे. पंपावरचं डिझेल त्याच्या थोडं वर असेल. पण सोलापूरचा मे महिना किती असतोय? 42, 43, कधी 44. आणि हे सावलीतलं. टपाच्या पत्र्याखाली ठेवलेला डिझेलचा कॅन किती तापत असेल याचा हिशोब तुम्हीच करा. मार्च ते जून आपल्याकडं डिझेलला पेट्रोलसारखंच वागवायचं, माझं तरी हे ठाम मत आहे.

बरं, हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड टक्का ते साडेसात टक्के असली तरच ती पेटते. जास्त झाली तरी पेटत नाही, कमी झाली तरी नाही. यातून एक उलटीच गोष्ट निघते, भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक. भरलेल्या टाकीत हवेला जागाच कमी, रिकामीत वाफ आणि हवा बरोब्बर मिसळलेली. मोटारसायकलची टाकी गळते म्हणून रिकामी करून, पाण्यानं खळबळून, लगेच वेल्डिंगला नेणारे आहेत. पाण्यानं विसळून ती वाफ जात नाही हो. वेल्डिंगवाला ओळखीचा असला तरी त्याला टाकी नीट गॅस-फ्री, म्हणजे आतली सगळी वाफ काढून टाकल्याशिवाय हात लावू देऊ नका, आणि तो म्हणाला "काय होत नाय मालक", तर टाकी उचला आणि निघा तिथून. जुनी टाकी बदलली तर काय हजारात जातील, जाऊ दे.

बाटलीचं. घरात, जिन्याखाली, गाडीच्या डिकीत, कोल्ड्रिंकच्या बाटलीत पेट्रोल. कुणाकुणाकडं आहे हात वर करा म्हटलं तर कुणी करणार नाही, पण आहे. पेट्रोलियमचा कायदा 1934 चा आहे, त्यात विना परवाना घरी ठेवायची सूट आहे, पण विकायला नाही, एकूण 30 लिटरच्या आत, आणि कशात ठेवायचं ते पण लिहिलंय: घट्ट बुचाची काच किंवा चिनी मातीची बरणी असेल तर 1 लिटरपर्यंत, धातूचा डबा असेल तर 25 लिटरपर्यंत. प्लास्टिकची बाटली त्या यादीतच नाही. कायदा सोडा एक वेळ, पण पाण्याच्या बाटलीत पेट्रोल आणि घरात लहान पोरं, शिवाय उन्हातनं तहानलेला आलेला माणूस, हे दोन्ही एका छपराखाली नको.

आणि स्टॅटिक करंट. हे तर सोलापूरकरांना मी काय सांगायचं. चादर-टॉवेलच्या कारखान्यात काम केलेलं कुणी असेल इथं तर त्यांना विचारा, हवा कोरडी असली की सूत कसं अंगाला चिकटतं, हाताला झटका कसा बसतोय, म्हणून तर सुताच्या खात्यात हवेत ओल धरून ठेवतेत. तोच चार्ज पेट्रोल प्लास्टिकमध्ये ओतताना तयार होतोय, आणि प्लास्टिकमधून तो जमिनीत उतरू शकत नाही, साठत बसतोय, मग नोझल जवळ आलं की एक ठिणगी. वाफ तिथं असतेच. शेतीच्या इंजिनासाठी कॅन भरून न्यायचाच असेल तर कॅन गाडीतून खाली उतरवा, जमिनीवर ठेवा, नोझल कॅनच्या तोंडाला टेकवून हळू भरा, काठोकाठ नको. टेम्पोच्या हौद्यात ठेवून वरच्या वर भरून घ्यायचं नाही, गर्दी असली तरी. भरताना मोबाईल खिशात ठेवा हे पंपवाला सांगेलच, ते पण ऐका, पण मोबाईलपेक्षा मला त्या प्लास्टिकच्या कॅनची भीती जास्त वाटते. भरताना परत गाडीत जाऊन बसू नका, सीटवर अंग घासलं की चार्ज येतोय, मग नोझलला हात लावायच्या आधी गाडीच्या पत्र्याला एकदा हात लावा.

नळीनं तोंडानं पेट्रोल ओढायचं, हे आजच्या दिवसापासून बंद. चवीचा प्रश्न नाही, ते थोडंसं जरी फुफ्फुसात गेलं तरी न्यूमोनिया होतोय, माणूस दगावू पण शकतो. कुणाच्या पोटात गेलं तर मीठ-पाणी पाजून उलटी करवायला जाऊ नका, उलटी होताना तेच परत फुफ्फुसात उतरतंय. 108 लावा, दवाखान्यात न्या. दहा-वीस रुपयाचा हातपंप मिळत नाही, पण शे-दोनशेत मिळतो, तो आणा.

आता ज्यांची गाडी जुनी आहे त्यांच्यासाठी. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतंय. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, त्यामुळं इथेनॉलविरुद्ध बोललं की आमचे शेतकरी मित्र रागावतेत. मी विरुद्ध बोलत नाही, ऊसवाल्याला दर मिळू दे. पण 2023 च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांचे रबराचे पाइप, ओरिंग, गॅसकेट वीस टक्क्याचा विचार करून केलेले नाहीत, ते हळूहळू फुगतेत नाहीतर कडक होऊन तडकतेत. मायलेज थोडं कमी पडलं ते सहन करू, पण पाइप तडकला आणि थेंब थेंब तापलेल्या इंजिनावर पडला तर? सर्व्हिसिंगला गाडी दिली की फक्त ऑइल बदला म्हणू नका, "फ्युएल पाइप बघ" म्हणा, स्वतः उभं राहून बघून घ्या. गाडीत पेट्रोलचा वास आला तर एसी लावून, सेंट मारून दाबू नका, वास येतोय म्हणजे कुठंतरी गळतंय. दुसरं, इथेनॉल पाणी ओढतंय. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, मुलगा पुण्यात आणि गाडी इथं असं बऱ्याच घरी आहे, तर अधूनमधून चालवा आणि टाकीचं झाकण नीट बसतंय का बघा.

रेडिएटर. आपल्याकडं बोअरचं पाणी कसं आहे तुम्हाला माहितीय, बादलीला पांढरा थर, नळाला पांढरा थर. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतोय आणि मग पुणे रोडला मोहोळच्या पुढं इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जातोय. कूलंट घाला, तयार मिळतंय तेच, नाहीतर डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून. इंजिन तापलं की गाडी बाजूला घ्या, बंद करा आणि थांबा. झाकण उघडायची घाई करायची नाही, आतलं पाणी शंभर डिग्रीच्या वर असूनही उकळत नसतंय कारण आत दाब असतोय, झाकण ढिलं केलं की दाब जातोय आणि सगळं एकदम उकळून तोंडावर. ओलं फडकं घेऊन उघडणारे शूर लोक भाजलेले बघितलेत मी. अर्धा तास लागू दे, पाऊण लागू दे, चहा प्या.

टायरची हवा सकाळी गार असताना चेक करा, दाराच्या चौकटीवर स्टिकर असतंय त्यावर आकडा आहे, उन्हाळा म्हणून कमी ठेवायची नाही. कमी हवेचा टायर जास्त लवचतो, जास्त तापतो आणि तोच फुटतो. नायट्रोजनला पैसे देताय तर द्या, साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, कधीच नाही, खाली मजबूत स्टँड असल्याशिवाय. नट गाडी खाली असतानाच ढिले करा, तिरप्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावा. बॅटरी काढताना आधी काळी वायर, लावताना ती शेवटी, आणि जवळ काडी पेटवायची नाही, चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतोय.

वायरिंगवर जरा रागानं बोलतो. मोठा हॉर्न, एलईडी, म्युझिक, सगळं हेडलाइटच्याच वायरला जोडायचं, मग फ्यूज उडायला लागला की 10 अँपिअरच्या जागी 30 चा घालायचा. फ्यूज उडतोय म्हणजे तो त्याचं काम करतोय की! मोठा फ्यूज घातला म्हणजे आता फ्यूजच्या ऐवजी वायर जळणार. उंदरानं कुरतडलेली वायर आणि टेपानं गुंडाळून ठेवलेली वायर, दोन्ही बदला.

बॉनेटमधून धूर आला तर बॉनेट सताड उघडायचं नाही, आत हवा गेली की भडका. इंजिन बंद, सगळ्यांना लांब, 101 किंवा 112, हायवेवर असाल तर 1033. आग विझवायचं एबीसी पावडरचं छोटं सिलिंडर सीटखाली ठेवा, डिकीत सामानाखाली नको. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारू नका, पेट्रोल पाण्यावर तरंगत पुढं पसरतंय.

एकानं चिठ्ठी पाठवलीय, डिझेल गाडीत चुकून पेट्रोल भरलं तर काय. चावी फिरवू नका, एवढं पहिलं. गाडीतल्या डिझेल ढकलणाऱ्या पंपाला डिझेलचंच वंगण मिळतंय, पेट्रोल गेलं की तो आतून घासला जातोय, आणि त्याचा कीस पुढं इंजेक्टरमध्ये. गाडी ढकलून बाजूला लावा, टाकी रिकामी करून घ्या.

तिकडून अण्णा विचारायलेत, सीएनजीचं सांगा. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबानं तपासणी, दर तीन वर्षांनी करावी लागते, आत 200 बारचा दाब असतोय. टेस्ट कधी संपतेय ते गाडीवर लावलेल्या प्लेटवर असतं. गॅस भरताना सगळ्यांनी खाली उतरायचं, झोपलेल्या पोराला पण उचलून. आणि घरच्या स्वयंपाकाच्या सिलिंडरनं एलपीजीच्या गाडीत गॅस भरून देणारे जे आहेत, पत्ता कुणाला विचारू नका, मला पण सांगू नका, तिकडं जाऊ नका. अण्णा, तुमची टेस्ट कधी झालीय? माहिती नाही? मग गाडी खालीच लावलीय ना, चला, प्लेट बघू.