तोकोनामेची क्यूसू : ब्रशाविना सजलेली किटली

(दृश्य : लाकडी फळीवर एक लहान तांबडी किटली. कॅमेरा तिच्या अंगाजवळ जातो.)

या किटलीवर ब्रश फिरलेला नाही. तांबड्या अंगावरच्या या वेड्यावाकड्या तपकिरी रेषा समुद्री गवताच्या आहेत. खारं, ओलं गवत कच्च्या किटलीला चिकटवायचं, वाळू द्यायचं आणि तसंच भट्टीत ठेवायचं. गवत जळून जातं. मीठ मात्र मातीतल्या सिलिकाशी वितळून काचेसारखा पातळ थर धरतं आणि पात होती तिथे तिची खूण कायमची राहते. या कामाचं नाव मोगाके. ‘मो’ म्हणजे पाण्यातलं गवत.

गाव तोकोनामे. जपानच्या आयची प्रांतात, चिता द्वीपकल्पावर, इसे उपसागराच्या काठी. कुंभारकामाच्या सहा प्राचीन केंद्रांपैकी हे एक. मध्ययुगात इथून मोठाले रांजण जात, पुढे सांडपाण्याचे नळ. गावातल्या एका चढणीची एक भिंत आजही त्याच नळांची आहे. चहाची किटली, म्हणजे क्यूसू, त्या मानाने अलीकडची. 1854 मध्ये सुगिए जुमोन यांनी लोहयुक्त तांबड्या मातीची, म्हणजे शुदेईची, किटली घडवली. 1878 मध्ये जिन शिहेंग हे चिनी कारागीर आले आणि त्यांनी चीनमधल्या यिशिंग गावची किटली घडवायची रीत इथे शिकवली.

(दृश्य : चाकावर कारागिराचे हात.)

क्यूसूचे भाग पाच : अंग, झाकण, तोटी, दांडा, गाळणी. पाचही वेगवेगळे घडतात आणि त्याच मातीच्या पातळ खळीने जोडले जातात. जोडताना सगळ्यांचा ओलावा सारखा हवा. अंग ओलं आणि दांडा कोरडा असेल, तर वाळताना दोघं वेगवेगळे आक्रसतात आणि सांध्यावर तडा जातो. दांडा आतून पोकळ असतो, म्हणून हाताला चटका बसत नाही. तो तोटीच्या समोर नसून बाजूला, साधारण काटकोनात असतो. एकाच हाताने दांडा धरायचा आणि अंगठ्याने झाकण दाबायचं. ही रचना उजव्या हाताची. डावखुऱ्यांसाठी उलट्या बाजूचा दांडा मिळतो.

तोटीची खरी परीक्षा तिच्या ओठाशी. खालची कड धारदार कापली नसेल, तर ओतणं थांबवल्यावर शेवटचा थेंब हनुवटीवरून ओघळत अंगावर येतो. सुंदर कोरीवकामाच्या कितीतरी किटल्या इथेच नापास होतात.

झाकण किटलीवर ठेवूनच भाजतात, म्हणजे दोन्ही सारखीच आक्रसतात. नंतर मध्ये कुरुंदाची पूड आणि पाणी घालून झाकण गोल फिरवत घासतात. घट्ट बसलंय का ते पाहायची सोपी युक्ती आहे : किटली पाण्याने भरा, झाकणावरचं भोक बोटाने बंद करा आणि ओता. धार थांबली पाहिजे.

(दृश्य : कोरणी. मग भाताच्या तुसात अर्धी पुरलेली किटली.)

आता सजावटीकडे परत. कोरीवकाम भाजण्याआधी होतं. माती फार ओली असेल तर कोरणीपुढे गोळे जमून कडा फाटतात. फार कोरडी असेल तर कपची उडते. तिसरी तऱ्हा धुराची. भाजलेली तांबडी किटली भाताच्या तुसात ठेवून पुन्हा भाजतात. तूस जळताना प्राणवायू कमी पडतो, मातीतल्या लोहाचं रूप पालटतं आणि किटली काळी होते. अर्धीच पुरली तर खाली काळी, वर तांबडी, आणि मधे धुरकट सीमारेषा. ती रेषा नेमकी कुठे उमटेल, हे कारागीरही छातीठोक सांगत नाही.

या तिन्ही सजावटी बाहेरून पाहण्याच्या. आत झिलई नाही, नुसती भाजलेली माती, आणि चहाचा संबंध तिच्याशीच.

(दृश्य : वाफ, हिरवी पानं.)

दोन-तीन लहान पेल्यांच्या क्यूसूत सुमारे 5 ग्रॅम सेन्चा, म्हणजे जपानी हिरवा चहा, आणि 150 ते 200 मिलिलिटर पाणी. पाणी 70 ते 80 अंशांचं. उकळतं घातलं तर कडू-तुरट द्रव्यं भराभर उतरतात आणि गोडवा झाकला जातो. उकळलेलं पाणी आधी पेल्यांत ओतलं की ते निवतं आणि मापही मिळतं. साधारण एक मिनिट थांबायचं. मग एक पेला भरून दुसऱ्याकडे जायचं नाही. थोडं-थोडं आलटून-पालटून, शेवटच्या थेंबापर्यंत. आत पाणी राहिलं तर पानं भिजत राहतात आणि दुसरा चहा कडू होतो. आपला दूध-साखरेचा चहा यात करू नका, आणि ही किटली गॅसवर तर मुळीच ठेवू नका, तडकेल.

धुताना साबण नको, वास मातीत मुरतो. गाळणीच्या भोकांत पानं अडकली तर तोटीतून उलटी धार सोडा. झाकण काढून पूर्ण वाळू द्या.

आणि नवी क्यूसू आणली की तोटीच्या टोकावरची प्लास्टिकची नळी काढून टाका. ती फक्त प्रवासात टोक फुटू नये म्हणून असते. कितीतरी घरांत ती वर्षानुवर्षं तशीच राहते आणि तिच्या आत चहाचा काळा थर साचत जातो.